लाल दोऱ्याची पाखरं

९ डिसेंबर
आज कामावर रुजू झालो. घर दुमजली, खिडक्या मोठ्या, आणि माझ्या खोलीत चक्क गादी! काकूंना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही, म्हणून त्यांच्या मुलीने, म्हणजे ताईंनी, मला सोबतीला ठेवलं. बाइंडिंगच्या कारखान्यातून मला काढलं होतं; काम स्वच्छ, पण गोगलगायीचं, असं मालक म्हणाले. इथे घाई नाही. काकूंना सुई ओवून दिली, तर म्हणाल्या, तू असलास तर मला डोळे हवेत कशाला?

१२ डिसेंबर
माळ्यावरून नाताळच्या सजावटीची पेटी काढली. दहा वर्षं ती कोणी उघडली नव्हती. चुरगळलेल्या चंदेरी झिरमिळ्या, टोक मोडलेली चांदणी आणि सात कापडी पाखरं. घरातल्या प्रत्येकाच्या जुन्या कपड्यातून काकूंनी एकेक शिवलेलं. टांगायचे दोरे कुजले होते, काही लाल, काही पांढरे. असलं मला बघवत नाही. सगळे काढून शेगडीत टाकले आणि मेण लावलेला नवा लाल दोरा सातही पाखरांना घातला. गाठी एकसारख्या आल्या.

चहाच्या वेळी काकू आठवणींत रमल्या. झाड सजवताना काका दर वर्षी शिडीवरून पडायचे आणि दर वर्षी शिडीलाच शिव्या द्यायचे. मग सहज म्हणाल्या, लाल दोऱ्याचीच पाखरं लाव हं. पांढऱ्या दोऱ्याची तिघं गेलेली माणसं. ती पेटीतच राहू देत, नाहीतर येऊन बसतील घरात.

मी हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर पुन्हा रस्त्यावर आलो असतो. सातही लावली. त्यांना कुठे दिसतंय?

१४ डिसेंबर
काकूंनी माझ्या जुन्या शर्टाच्या बाहीचं आठवं पाखरू शिवलं. लाल दोरा. टापटीपराव, आता तुम्ही घरचे, म्हणाल्या. रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

१६ डिसेंबर
सकाळी न्हाणीघरात दाढीचा ब्रश ओला होता. काकांना जाऊन अकरा वर्षं झाली. पुसून जागेवर ठेवला.

१८ डिसेंबर
दुपारी जेवणाच्या टेबलाशी तिघं. काका, काकूंच्या सासूबाई, धाकटे दीर. भिंतीवरच्या फोटोंतले. ताटं वाढली. जेवत नाहीत. काकूंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतात.

काकूंना वर त्यांच्या खोलीत खालून खोकला ऐकू आला. म्हणाल्या, म्हातारी मेल्यावरही माझा पिच्छा सोडायची नाही. हसल्या. मग विचारलं, पांढरी पाखरं पेटीतच आहेत ना रे?

हो म्हणालो.

१९ डिसेंबर
सगळी पाखरं उतरवून पेटीत घातली. तिघं उठली नाहीत. म्हणजे दोराच बदलायला हवा. पण कोणतं पाखरू कोणाचं? विचारलं तर काकूंना सगळं कळेल.

२० डिसेंबर
एक निळं सगळ्यांत विटलेलं. इतकं जुनं म्हणजे गेलेल्याचंच. त्याला पांढरा दोरा घातला.

२१ डिसेंबर, सकाळ
काकू उठल्या नाहीत. हात गार. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, झोपेतच गेल्या.

कपाटात त्यांचा शाळेतला निळा झगा सापडला. एक तुकडा कापलेला.

ताई निघाल्या. संध्याकाळी पोचतील, लेकीला, छोटीला, घेऊन.

दुपार
निळ्याला पुन्हा लाल दोरा घातला. विचार केला नाही. हात आपोआप —

चार वाजता
काकू खाली आल्या. वर जाऊन पाहिलं. वरही आहेत, चादरीखाली.

सुई मागितली. पांढरा दोरा. कोणतं कोणाचं, त्यांना ठाऊक आहे. ओवून दिली.

काकांचं. खुर्ची रिकामी. दिरांचं. सासूबाईंचं.

ताईंच्या घरची तिन्ही लालच ठेवली. छोटीचं फुलाफुलांचं होतं. बरं झालं.

आता निळं. ओवली. पण थांबल्या. आणखी एक दोरा ओव म्हणतात. मी तिकडे गेल्यावर सुई कोण ओवून देणार, टापटीपराव? हसत म्हणाल्या.

नाही म्हणायला हवं.

ओवली.

बाहीचं पाखरू त्यांच्या मांडीवर. फाटकाशी गाडी थांबली, ताई असतील — गाठ छान मारतात — एक वेढा, दुस