माझ्या स्क्रीनवर बरोबर दिसतंय

लोणावळा, रविवार

मुकर्रम मामूजान,

अस्सलामु अलैकुम. आम्ही सगळे खैरियतीनं आहोत. तुमचा दमा आणि मुमानींचे गुडघे आपापल्या हद्दीत असतील अशी उमेद करतो. (पत्र तुमची नात नूर आणून देईल. ती काही सांगायला लागली तर तिला गप्प करा आणि आधी बसून शेवटपर्यंत वाचा.) फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही पहिल्या वाक्यालाच ओरडता, आणि मला पुढचीही वाक्यं सांगायची आहेत.

विषय मी औंढ्याला बांधत असलेलं तुमचं घर. जन्मभर रेल्वेत राबलात, आता दौंडची भाड्याची खोली सोडून ह्या ईदेचा शीरखुर्मा स्वतःच्या ओट्यावर बसून प्यायचा, एवढी एकच तुमची इच्छा. ती मी पुरी करणारच होतो. पण तुम्हीच म्हणालात, इर्शाद, जमाना बदलला, घर आधी कंप्युटरात बांधून बघ, मग जमिनीवर. बघितलं. तिथे एकाची तीन घरं झाली. पुण्याच्या आर्किटेक्ट मानसी मॅडमनी त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बांधलं. लोखंड-काँक्रीटचं गणित करणारे समर्थ साहेब दुसरंच सॉफ्टवेअर वापरतात, आणि नळ-ड्रेनेजवाले तिसरं. ह्या तिघांची आपसात सोयरीक जुळत नाही म्हणून एक सामाईक फाइल काढतात, ती म्हणे सगळ्यांना समजते. समजते डोंबल! मॅडमकडून निघालेलं घर साहेबांकडे पोचलं तेव्हा जिन्याच्या पायऱ्या गळून नुसती घसरगुंडी उरली होती आणि दरवाजे 'इतर वस्तू' झाले होते. नळवाल्यांकडे तर संडासाचं भांडं गच्चीच्या वर अधांतरी. (हे मुमानींना वाचून दाखवू नका, त्या आधीच तुमच्या जिन्याखालच्या संडासावर नाराज आहेत.) अहो, उर्स्याच्या टोलनाक्यावर इकडून गाडी आत गेली की तिकडून तीच गाडी बाहेर येते. एवढं तर टोलवाल्यांनाही जमतं! पण मीटिंग घ्या, तिघांचं एकच पालुपद : माझ्या स्क्रीनवर बरोबर दिसतंय. मग चूक काय माझ्या डोळ्यांत आहे?

मी जिना दुरुस्त करून घेतला, दरवाजे पुन्हा दरवाजे करून घेतले, भांडं खाली उतरवलं. त्या नादात खरी गंमत निसटली. मॅडमनी घर कागदावर सुबक दिसावं म्हणून उलटं फिरवून, दक्षिण वर धरून काढलं होतं आणि खरी उत्तर कुठे ते फाइलीत वेगळं नोंदवलं होतं. ती नोंद वाटेत सांडली. साहेबांच्या सॉफ्टवेअरनं कागदाची वरची बाजू म्हणजे उत्तर असं धरलं, मोजणीच्या यंत्रानं साहेबांची फाइल धरली, आणि त्याप्रमाणे खुंट्या ठोकल्या गेल्या. मी त्या दिवशी तिकोणा पेठेच्या साइटवर होतो. परत आलो तर चौकोनी जोतं, दोन्हीकडून सारखंच दिसणारं. भलत्या बाजूला ओट्याचे खांब वर आले तेव्हा मला वाटलं, मॅडमनी मागेही पडवी काढली असेल. मोठ्या लोकांना मागे-पुढे काहीही सुचतं.

परवा अम्मी, म्हणजे तुमची धाकटी बहीण, भावाचं घर बघायला आली. तुम्ही हौसेनं पश्चिमेच्या भिंतीत नमाजाचा कोनाडा काढायला सांगितलाय, त्याची जागा मी तिला नकाशावरून दाखवली. ऊन कललेलं, अस्रच्या नमाजाची वेळ झालेली, तिनं तिथेच जोत्यावर जानमाज अंथरली आणि उभी राहिली. मग मागे वळून माझ्याकडे अशी बघायला लागली की विचारू नका. म्हणाली, अरे इर्शाद, पश्चिमेकडे तोंड करून मी उभी आहे ना, मग सूर्य माझ्या पाठीवर कसा पडतोय?

मामू, तुमचं घर पाठमोरं बांधलं गेलंय. न्हाणीघर रस्त्याकडे, आणि ओटा थेट विठ्ठलभाऊंच्या गोठ्याकडे. होय, तेच विठ्ठलभाऊ, ज्यांच्याशी बांधावरून तुमचं बोलणं बंद आहे. ते त्याच बांधावर उभे राहून तंबाखू मळत होते. मी चिडून विचारलं, भाऊ, दिसत होतं तर बोलला का नाहीत? म्हणाले, "पैल्या दिसापास्नं बघतोय की. पर म्या बोलनार कसा? तुज्या मामूनंच बजावलंय, बांधाच्या अलीकडं तोंड घालायचं न्हाई."

तीन शिकलेली सॉफ्टवेअरं आणि त्यांत तुम्ही दोघं अबोला धरलेली म्हातारी माणसं. मला तर सगळ्यांचाच वीट आलाय. मॅडम साहेबांकडे बोट दाखवतात, साहेब फाइलीकडे, आणि फाइलीला बोट नाही म्हणून ती वाचली.

मुमानींना सलाम, नूरला पोटभर दुवा. तुमच्या रागाला इथूनच हात जोडतो.

तुमचा भाचा,
इर्शाद

ता. क. भिंती अजून उठलेल्या नाहीत, तेव्हा कोनाडा पश्चिमेला आणतो. पण ओट्याचे खांब फोडून पुन्हा घालायचे तर ही ईद विसरा. दुसरा उपाय एकच : ओटा आहे तिथेच ठेवायचा आणि यायची-जायची वाट विठ्ठलभाऊंच्या रानाच्या कडेनं घ्यायची. ते द्यायला तयार आहेत. उकिरडाही त्यांनी आपण होऊन पलीकडे हलवलाय. फक्त म्हणतात, फकरुद्दीननं सोताच्या तोंडानं मागावी.

ता. क. २. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. विठ्ठलभाऊ दौंडला लेकीकडे निघाले होते, त्यांच्याच हाती दिलंय, नूरनं दारात त्यांच्याकडूनच घेतलं असेल. तुम्ही हे वाचताय तेव्हा ते तुमच्या दाराबाहेर चपला काढून उभे असतील. आतून हाक आल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही म्हणालेत. मामू, हाक मारा.