काकासाहेबांनी विचारलेला एकच प्रश्न

पुंडलिकनगर, औरंगाबाद
१२ नोव्हेंबर १९८६

प्रिय वच्छला,

अनेक आशीर्वाद. तुझं नागपूरहून आलेलं पत्र मिळालं. काकासाहेबांवरच्या स्मरणग्रंथासाठी वकील मंडळींनी माझ्याकडं चार पानं मागितली, ती अजून गेली नाहीत म्हणून तू काळजीनं विचारलंस. तब्येत बरी आहे. पण लिहायला बसलो की एका जागी येऊन अडतो, म्हणून आधी तुलाच लिहितोय.

तुझे वडील मला पहिल्यांदा दिसले ते वैजापूरच्या कचेरीबाहेर. काळी शेरवानी घालून, उर्दूत लिहिलेला अर्ज एका म्हातारीला मराठीत समजावून सांगत होते. हैदराबादेत वकिली शिकलेला माणूस, घरची ऐंशी एकर जमीन. तोच माणूस सत्तेचाळीस साली चालती वकिली सोडून निजामाच्या सरहद्दीपलीकडं, येवल्याजवळ त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या आमच्या कॅम्पात आला. सुरुवातीला त्यांना बंदूक धड धरता येत नव्हती. दोन महिन्यांत ते आमचे म्होरके झाले. एकदा आम्ही करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका घेतला आणि निजामाचे चार शिपाई हाती लागले. पोरं त्यांच्यावर धावली. काकासाहेब मधे उभे राहिले. म्हणाले, "बंदुका घेतल्या ना? मग आता पाणी पाजा आणि सोडा त्यांना." आम्ही धुसफुसलो, पण सोडलं.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि गावोगाव धरपकड सुरू झाली. वैजापूरचा शिंपी निजामुद्दीन पकडला गेला. आमच्या गावची अकरा घरं जाळणाऱ्या रझाकारांना त्यानं वाट दाखवली, असा आरोप होता. त्या आगीत माझे वडील गेले, हे तुला माहीत आहे. निजामुद्दीनचं वकीलपत्र घ्यायला कुणी तयार होईना. काकासाहेबांनी घेतलं आणि तो सुटला. लोक म्हणू लागले, कॅम्पाच्या म्होरक्यानं आपल्याच माणसाला, म्हणजे मला, दम देऊन साक्ष फिरवायला लावली.

बावन्नच्या निवडणुकीत भिंतीभिंतीवर 'रझाकारांचा वकील' असं रंगवलं होतं. तरी ते दोनशे मतांनी निवडून आले. हैदराबादच्या विधानसभेत कुळांच्या बाजूनं बोलले आणि घरी येऊन आपल्या जमिनीतली तीस एकर फकिराच्या, म्हणजे ती कसणाऱ्या कुळाच्या, नावावर करून दिली. तुझ्या आईला त्यांनी आधी विचारलं नाही. ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही. तू दुसरीत असशील, शाळेतून रडत आलीस. पोरी तुला 'रझाकाराच्या वकिलाची' म्हणून चिडवत होत्या. मी तुमच्या ओसरीवर चहा पीत होतो. काकासाहेबांनी तुझं तोंड धुतलं, माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी चहा तसाच ठेवून निघून आलो.

पुढं ते औरंगाबादला जज्ज झाले. शहरात काम निघालं की मी त्यांच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसायचो. साक्षीदार अडखळला की ते लेखणी खाली ठेवायचे. म्हणायचे, "आठवतं तेवढंच सांगा, बाबा. आठवत नसंल तर तसं म्हणा, त्यात लाज नाय." वकील घड्याळाकडं बघायचे. ते मात्र वाट बघत बसायचे.

निजामुद्दीनच्या खटल्यात मी शपथेवर सांगितलं होतं, की आगीच्या वेळी मी त्याला वेशीपाशी पाहिलं. उलटतपासणीला काकासाहेब उठले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "रामकिसन, त्या दिवशी तू कुठं होतास?" वच्छला, त्या दिवशी मी गावात नव्हतोच. मांडीत गोळी लागून कॅम्पात पडलो होतो, आणि आदल्या दिवशी मला तीन कोस पाठीवर घेऊन आलेला माणूसच समोर उभा राहून हे विचारत होता. त्यांनी ते बोलून दाखवलं असतं, तर खोट्या साक्षीपायी मी तुरुंगात गेलो असतो. ते गप्प उभे राहिले. सगळं कोर्ट ताटकळलं. शेवटी मी म्हणालो, "मला नक्की आठवत नाही." दम कुणी दिला नव्हता. वडिलांच्या मरणाचा दोष कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय मला झोप येत नव्हती. लोकांनी निजामुद्दीनचं नाव सुचवलं आणि मी ते घेतलं.

गेल्या आठवड्यात मी क्रांती चौकाजवळ निजामुद्दीनच्या लेकीकडं, जाहेदाकडं गेलो. तो तिथंच असतो, आता ऐंशीचा झालाय. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला ठाऊक हाय. वकीलसाहेब तवाच बोलले होते, जरा थांबा, तो पोरगा सोताच खरं बोलंल." मी तेव्हा अर्धंच बोललो, आणि उरलेल्या अर्ध्यापायी तुझे वडील जन्मभर बोलणी खात राहिले. ग्रंथाची कच्ची प्रत मी पाहिली. त्यात अजून तेच आहे, की त्यांनी साक्षीदारावर दबाव आणला. ते खोडायला सांग आणि तिथं हे पत्र छापायला दे. छापण्याआधी ते तू वाचावंस, म्हणून तुला पाठवतोय. माझं नाव गाळू नकोस.

तुझाच,
रामकिसनकाका