वन्संच्या यकृताविषयी, बेल बंद करून

तीर्थस्वरूप वन्संना,

दूध तापत होतं, धुणं वाळत घालून झालं होतं आणि मी स्टुलावर चढून दाराच्या बेलची वायर सोडवत होते. (आधी नमस्कार लिहायला हवा होता. शिरसाष्टांग समजा, माझे गुडघे तुम्हाला ठाऊकच आहेत. तब्येत विचारत नाही, तुम्ही 'उत्तम' म्हणाल.) ही गेल्या सोमवारची सकाळ. तुमच्या यकृतातल्या गाठींवर डॉक्टर ज्या गोळ्या देतात, त्यांच्यावरचं जाडजूड पुस्तक मी वाचनालयातून आणलं होतं आणि बेल वाजली की माझी ओळ हरवत होती.

पुस्तक म्हणतं, पेशीच्या अंगावर बेलसारखी बटणं असतात. बटण दाबलं की आत निरोप जातो, याच्याकडून त्याच्याकडे, थेट गाभ्यापर्यंत: वाढ, एकाचे दोन हो. गाठीत ही बेल थांबतच नाही. तुमची गोळी म्हणजे वायर सोडवणारी बाई. (हे इस्त्रीवाल्याला समजावलं, तर म्हणतो, "ते असू दे काकू, चादरी किती?")

बेल बंद झाली आणि तासभर वाटलं, जिंकले. मग इस्त्रीवाल्याने खिडकीची काच बडवली. समोरच्या मास्तरीणबाईंनी फोन केला. मी उचलला नाही, तर मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात. "मेलीबिली नाहीस ना गं?" (एकट्या बाईने जरा शांत बसायचीही सोय नाही.) आणि गॅसवाला, तो एकटाच सज्जन, बेल दाबून दोन मिनिटं उभा राहिला आणि भरलेलं सिलिंडर घेऊन परत गेला. दोन दिवस मी काकडी आणि पाव खाल्ला.

तेव्हा कुठे सातवं प्रकरण डोक्यात शिरलं. एक वाट अडवली की गाठ दुसरी शोधते. म्हणून डॉक्टरही दुसरं औषध काढून बघतात. आणि तुमच्या तळहातांची सालं निघतात ना, तो तुमचा गॅसवाला. चांगल्या पेशींचेही निरोप अडतात.

तुम्ही मात्र एक गाठ वाढलेली दिसल्याबरोबर "गोळ्या हरल्या" म्हणालात आणि डॉक्टरांची वेळ रद्द केलीत. वन्सं, हे वाक्य मी आधी ऐकलंय. तुमचा भाऊ हेच म्हणाला होता, आणि मी शहाण्या बायकोसारखी मान हलवली. दुसरं काही आहे का, हे विचारलंच नाही. तेव्हा मी वाचत नव्हते. (आठ वर्षं झाली. भाजी अजून दोघांची घेते आणि दोन दिवस तीच खाते.)

तुमची आज्ञाधारक (कधी नव्हते, पण रीत आहे),
भावजय

ता. क. वरचं शास्त्र सोडा. डॉक्टरांकडे चला. दुसरं औषध लागू पडेलच असं पुस्तकात नाही. शेवटच्या पानापर्यंत शोधलं. पण विचारायला तरी चला.

ता. क. २. तीस वर्षं तुम्ही माझ्या आमटीला नावं ठेवलीत. आता सगळे चांगलीच म्हणतात. मला ते सहन होत नाही.

ता. क. ३. (दुसऱ्या दिवशी) पत्र पिशवीतच राहिलं होतं. आज दवाखान्यात गेले, तुमच्या नावाने गुरुवारी अकराची वेळ घेतली, सोबत येणारी म्हणून माझं नाव लिहिलं. मग पत्र पेटीत टाकलं.