लोड वाढलाय

१४ मार्च

प्रिय भावड्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. आता खरं ऐक.

बाबा दिवसभर घरातली बटणं बंद करत फिरतात. फ्रीज बंद केला, दूध नासलं. मी डोक्याला साबण लावून बसले आणि गीझर बंद. विचारलं तर म्हणतात, "लोड वाढलाय." हे फोनवर सांगितलं तर तू खो खो हसलास. म्हणे, "खेळू दे गं त्यांना." तुझं काय जातंय? दुरून डोंगर साजरे.

शाळेतलं ते यंत्र तुला आठवत असेलच. टेबलावर दिव्यांचं छोटंसं गाव, समोर वीज कमीजास्त करायला कोळसा, धरण आणि वारा यांचे दांडे. गावाला वीज द्यायची, पण कोळसा संपू द्यायचा नाही. वीज कमी पडली की कुणाची बंद करायची ते आपण ठरवायचं. विज्ञानाचे सर म्हणजे आपलेच बाबा, मागे उभे. तू कोळसा वाचवायला सगळी घरं अंधारात ठेवायचास आणि वर दात काढायचास. बाबा चालवून घ्यायचे. एकदाच तुझ्या पाठीत धपाटा बसला, हॉस्पिटलचं बटण बंद केलंस तेव्हा. "बाकी काहीही बंद कर, हे नाही." सबंध वर्गासमोर.

बाबा अजून तेच गाव सांभाळतायत, हे मला कळतं रे. पण वैताग यायचा तो येतोच. बटणांवर चिकटपट्ट्या लावल्या, त्या त्यांनी सोलून काढल्या. मी ओरडले तर मलाच म्हणाले, "ए मुली, रांगेत उभी राहा."

लिहायचं टाळत होते, पण लिहिते. मंगळवारी दुपारी मी औषधं आणायला खाली गेले होते. वर आले तर आईचे ओठ निळे पडलेले. तिचं ऑक्सिजनचं मशीन बंद. बाबा शेजारी बसून तिचा हात चोळत होते. मला म्हणाले, "बघ गं, ही इतकी गार का पडलीय?"

आई वाचली. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाली असेल? "त्यांना सांगू नकोस." आता बोल.

दोघांना एका घरात ठेवायची माझी छाती नाही. कुणाला तरी एकाला तुझ्याकडे ने. वेगळं राहायचा विषय काढला की आई भिंतीकडे तोंड फिरवते. तिला तूच सांगायचंस, माझ्याच्यानं होणार नाही. फोन करू नकोस, ये.

दोघांच्या खाटांमध्ये चटई टाकून पडणारी,
तुझी ताई