मनवायला येणाऱ्यांच्या सोयीसाठी स्टेशनजवळ

मंगळवार, १३ मे. दुपार.
घर सोडलं. आता मागं फिरणं न्हाई.

कारण लिहून ठेवतो. उद्या कुणी म्हणायला नको की संघपाल उगंच गेला. माझी सख्खी बहीण बेबीनंदा. तिची एकुलती एक लेक अक्षता. रविवारी परतूरला तिचं लग्न. तिला सख्खा मामा एकच, तो म्हणजे मी. आणि पत्रिकेत मामा म्हणून नाव कुणाचं? अप्पारावचं. चुलत भावाचं. ठळक अक्षरात, सगळ्यात वर. त्याच्या खाली आणखी चार मामा. मी कुठंच न्हाई. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी लेकरं असतात ना खाली, त्यांच्यातसुद्धा बोट ठेवून बघितलं. न्हाई म्हणजे न्हाई.

पत्रिका आल्यापासून घरातच रुसून पाहिलं. जेवताना बोललो न्हाई. उषा म्हणली, उन्हाळ्यात तुमचं असंच होतं, ताक घेत जा. नवरा रुसलाय हे बायकोला कळू नये, कमाल हाये. बेबीच्या घरी जाऊन मुद्दाम अर्धा चहा कपात ठेवला. तिनं तो दाजींना दिला.

म्हणून आज बॅग भरली. उषाला म्हणलो, मी चाललो. ती फोनवर होती. हातानंच 'या' म्हणली.

मुंबईचं तिकीट काढणार होतो. पण लग्नघर हाये, मनवायला इतक्या लांब कोण येणार, हा विचार केला. औरंगाबादचं काढलं. (बोर्डावर नाव बदललंय, तोंडातलं अजून न्हाई.) गाव तेवढं उषाला मेसेजवर कळवलं. रागातसुद्धा माणसानं दुसऱ्याची सोय बघावी, या मताचा मी हाये.

रात्री.
स्टेशनच्या समोरच डॉर्मिटरी मिळाली. कॉट नंबर अकरा, वरची. खाली कुणीतरी बियाण्याच्या कंपनीचा माणूस हाये, मोज्यांसकट झोपतो. चार्जिंगचा पॉइंट एकच, तो पार दरवाज्यापाशी. फोन तिथं लावला की वाजलेला ऐकू येत न्हाई, आणि न लावला तर बंद पडतो. भिंतीवर बोर्ड: बाहेरचं जेवण आणू नये. आतलं जेवण न्हाईच.

घरी विचारलं तर 'हॉटेलवर हाये' एवढंच सांगायचं. ठरलं.

अंदाज: उद्या संध्याकाळपर्यंत बेबी आणि दाजी स्वतः येतील. परवा घरी. हळदीच्या तयारीला दोन दिवस हातात. बराबर बसतं.

बुधवार, १४ मे.
रुसण्याचे नियम ठरवून घेतले. फोनवर मनवलं तर मानायचं न्हाई, समक्ष यायला पाहिजे. 'झालं गेलं विसर, रागावू नको' हे शब्द यायला पाहिजेत. आणि आपण बघत होतो असं दिसायला नको.

म्हणून परतूरकडची गाडी येते तेव्हा प्लॅटफॉर्मवर गेलो, पण पाण्याच्या टाकीकडं तोंड आणि गाडीकडं पाठ करून उभा राह्यलो. शोधू द्या की जरा. गाडी रिकामी झाली. हमालानं विचारलं, काका, काही हरवलं का?

दुपारी उषाचा फोन. आवाज एकदम थंड ठेवला. म्हणली, कपाटाची किल्ली कुठं ठेवली? मी नुसतं 'तांदळाच्या डब्यात' म्हणलो, पुढं एक अक्षर न्हाई. तिला चटका बसला असणार. म्हणली, बरं, आवाज नीट येत न्हाई तुमचा, रेंजमध्ये या.

गुरुवार, १५ मे.
मच्छरांनी खाल्लं. गरम पाणी सकाळी मिळतं म्हणून लिहिलंय, पण मोजेवाला माझ्याआधी उठतो.

प्रेसवाल्या सोहेबला फोन लावला. पत्रिका त्यानंच छापली. चांगलं खडसावणार होतो. तो म्हणला, "संघपालभाऊ, नाव तुम्हीच काढायला लावलं. चार मामांच्या रांगेत नको, वेगळ्या चौकटीत पाहिजे, खाली हुद्दा पाहिजे, फोटो पाहिजे, म्हणले. हुद्दा पाठवतो म्हणले. मी किती दिवस प्रेस थांबवून ठेवू?"

हे बघा. माणसाचा हुद्दा म्हणजे काय रिचार्ज हाये का, बसल्याजागी मारून द्यायला? जयंती उत्सव समितीचा मी एक वर्ष उपाध्यक्ष होतो. पण 'माजी' लिहावं का, 'ज्येष्ठ' लिहावं का, शेचाळीसाव्या वर्षी ज्येष्ठ शोभतं का, याचा विचार लागतो. घाईत छापलं तर जन्माचा डाग. यात चूक कुणाची, तर सोहेबची. त्यानं धीर धरायला पाहिजे होता.

तरी मन मोठं करून हुद्दा पक्का केला आणि व्हाट्सॲपवर पाठवला: 'मा. संघपाल, माजी उपाध्यक्ष, जयंती उत्सव समिती, तथा ज्येष्ठ मार्गदर्शक, नवरीचे सख्खे मामा.' पुन्हा पत्रिका छाप म्हणलो. त्याचं उत्तर: ठीक है भाऊ, आता छपाई तर संपली, बघतो कुठं बसतं का.

संध्याकाळी.
विजय. बेबीचा फोन आला. म्हणली, "दादा, औरंगाबादलाच हायेस म्हणं. मंग येताना नवरा-नवरीचे हार घेऊन ये, मोगऱ्याचे, चांगले भरगच्च. परतूरचे हारवाले सुतळीच दाखवतात."

सरळ माफी मागायला जीभ रेटंना, म्हणून हारांचं निमित्त काढलं. बहीण हाये, मी ओळखतो. 'रागावू नको' म्हणली न्हाई, तेवढं बाकी राह्यलं. ते समक्ष म्हणणार असंल.

शुक्रवार, १६ मे.
कुणी आलं न्हाई. दोन्ही गाड्यांना पाठ करून उभा होतो. हमाल आता नमस्कार करतो.

मॅनेजर रशीदभाई बरा माणूस हाये. काउंटरवर चहा पाजला. त्यांना सगळं सांगितलं, पत्रिकासुद्धा दाखवली. पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाईसाब, उन लोगां को मालूम है क्या, आप नाराज हैं करके?"

मी म्हणलो, सांगावं लागलं तर तो राग कसला. रशीदभाईंनी माझा कप पुढं ओढला. पुन्हा चहा ओतला.

सवाल बिनकामाचा होता. तरी दुपारभर डोक्यात फिरत राह्यला. वरच्या कॉटवर नीट बसताही येत न्हाई, पंखा डोक्याला लागतो. पडून राहायचं आणि पत्र्याकडं बघायचं. घरी आत्ता पाहुणे उतरले असतील. मांडववाल्याला खांब कुठं रोवायचे ते मीच सांगतो दर वेळी. कुणी सांगितलं असंल कोण जाणे.

शनिवार, १७ मे.
आज हळद. सकाळीच बेबीचा फोन: दुपारपर्यंत ये, आणि हार विसरू नको. ही काय मनधरणी झाली? हा तर हुकूम. हुकमावर गेलो तर चार दिवस पत्र्याकडं बघितल्याचा उपयोग काय?

मनात आलं, सांगून टाकावं. बेबी, मी रुसलोय. शब्द तोंडापर्यंत आल्ता. पण तिच्या मागून दाजी ओरडत होते, आचारी आला, गॅस कुठाय. ती म्हणली, ठेवते रे. ठेवला.

मंग अक्षताचा आला. मामा, मेंदी बघा, म्हणून फोटो पाठवल्ता, तो बघितला का विचारायला. तिला सायकलवर शाळेत मीच सोडायचो. चौथीत असल्यापासून म्हणती, स्टेजवर मला तुम्हीच न्यायचं. आमच्याकडं नवरीला हाताला धरून मामाच नेतो. फोनवरही तेच म्हणली, "मामा, मी तुमच्याशिवाय स्टेजवर चढणार न्हाई. हसू नका, खरं सांगून राह्यले."

नियमात हे धरलं न्हाई. तिच्यावर माझा राग न्हाईच. उद्या सकाळच्या गाडीनं जायचं. मनधरणी राहू द्या. मी येतो म्हणजे मोठेपणा माझाच.

संध्याकाळी फुलबाजारातून हार आणले. असे भरगच्च की रिक्षावाला म्हणला, पुढारी आलाय का कुणी. डॉर्मिटरीत ठेवायला जागा न्हाई. माझ्या कॉटच्या दांडीला टांगले. आख्खी खोली मोगऱ्याच्या वासानं भरली. मोजेवाला पहिल्यांदाच खूश दिसला. मीसुद्धा चार दिवसांत पहिल्यांदा नीट झोपतो आज.

रविवार, १८ मे. सकाळी उशिरा.
प्लॅटफॉर्मवरच लिहून राह्यलो.

तिकीट काढलं. हार पिशवीत. लग्न साडेबाराला, गाडी त्याआधी पोचवते. गाडी येऊन उभी राह्यली. एक पाय आत टाकणार, तेवढ्यात पुलावरून पांढरा शर्ट आणि निळं उपरणं उतरताना दिसलं. चाल सेम दाजींची. रखमाजी दाजी, स्वतः, लग्नाच्या दिवशी, मला न्यायला.

चार दिवस ज्याची वाट बघितली ते आता डोळ्यांसमोरून येत असताना मी आपला गाडीत चढून बसलेला दिसलो असतो. काय राह्यलं असतं? मी पटकन मागं फिरलो. पाण्याच्या टाकीपाशी बाकावर बसलो, गाडीकडं पाठ, तोंड पाडून. हार शेजारी. कुणाचा हात खांद्यावर पडतोय याची वाट बघत राह्यलो. मागं शिट्टी झाली तरी मान फिरवली न्हाई. मान फिरवली तर रुसणं संपलं.

हात पडला. वळून बघितलं तर पांढरा शर्ट, निळं उपरणं तेच, पण आत कुणी बाबा, कधी न बघितलेले. म्हणले, दादा, जरा सरका, नळ सोडायचाय.

गाडी गेल्ती.

दुपारी.
एसटीनं गेलं तरी दोन वाजणार. भर लग्नात मामा घामाघूम आत शिरला तर लोक विचारणार, कुठं होता. जाऊन उपयोग न्हाई. कॉटवर परत आलो. रशीदभाईंनी रजिस्टरात परत अकरा नंबरच लिहिला.

फोन वाजून राह्यलाय. बेबी. मंग उषा. मंग दाजी. मंग परत बेबी. उचलून काय सांगू? रागावलो होतो, हे आज सांगायचं? चार्जिंगला लावून आलो, दरवाज्यापाशी. तिथून ऐकू येत न्हाई.

संध्याकाळी.
जेवलो न्हाई. हार दांडीला परत टांगलेत. एका बाजूनं काळे पडून राह्यले.

सोमवार, १९ मे. सकाळी.
उषानं लग्नाचा व्हिडिओ पाठवला. रात्री बघायची हिंमत झाली न्हाई, आत्ता बघितला.

माइकवर कुणी तरी बोलतोय. शब्द न् शब्द लिहून ठेवतो: "माजी उपाध्यक्ष, जयंती उत्सव समिती, तथा ज्येष्ठ मार्गदर्शक, नवरीचे सख्खे मामा, मा. संघपाल, जिथं असतील तिथून मंचाकडं यावं." एकदा न्हाई, परत परत. सोहेबनं हुद्दा बरोबर बसवला. आख्ख्या परतूरनं ऐकला. पत्रिकेत चार ओळी आल्या असत्या, इथं तर मांडव दणाणला.

आणि कॅमेरा अक्षतावर. पांढरी साडी, मांडवाच्या तोंडाशी उभी. स्टेजकडं बघत न्हाई, गेटकडं बघती. भन्तेजी थांबलेत, नवरदेव थांबलाय. अप्पाराव पुढं आला, हात केला. तिनं मान हलवली. न्हाई म्हणली. परत गेटकडं. मंग बेबी काही तरी कानात बोलली, आणि ती एकटीच चालत गेली. मधल्या गालिच्यावरून, हात मोकळे सोडून. हार परतूरचेच होते, सुतळी दिसत होती.

लग्न अडीचला लागलं. माझ्यासाठी थांबले म्हणून. एसटीनं गेलो असतो तरी पोचलो असतो.

रडलो. मोजेवाला उठून बाहेर गेला.

मंग फोन आला, अक्षताचा, सासरहून, मंठ्याहून. उचलला. तिनं पहिल्यांदा विचारलं, "मामा, तब्येत कशी हाये आता? मामी म्हणली, तुम्हाला गाडीत काही तरी झालं असंल."

मी म्हणलो, ताप आल्ता. जोराचा.

"वाटलंच मला," ती म्हणली. "न्हाईतर तुम्ही आले नसते, असं होईलच कसं? मी सगळ्यांना तेच सांगत होते." रागाबद्दल कुणाला ठाऊकच न्हाई. पत्रिकेबद्दलही न्हाई. तिनं सांगितलं, आईनं पत्रिका अजून उघडून नीट वाचलीच न्हाई, वेळ कुठं होता.

दुपारी.
कॉट सोडली. रशीदभाईंनी हारांचं विचारलं. म्हणलो, काउंटरवर लावा. त्यांनी खरंच लावले.

औषधाच्या दुकानातून तापाच्या गोळ्यांची पट्टी घेतली. दोन गोळ्या काढून टाकल्या, खाल्ल्यासारखं दिसायला पाहिजे. घरी गेल्यावर चार-सहा दिवस अंगावर चादर घेऊन पडावं लागंल, भर मे महिन्यात. उषा ताक देईल, ते पण घेता येणार न्हाई.

परतूरची गाडी येऊन राह्यली. या टायमाला तोंड तिकडंच करून उभा हाये.