लाल बटण आणि भाभींची वही

रविवार, संध्याकाळ

आमच्या वेबसाईटवर नवीन माणूस येतो, बघतो आणि काहीच न कळवता गुपचूप निघून जातो. का जातो, ते डोकं खाजवूनही कळत नव्हतं. आज शेजारच्या शबानाभाभींनी एका वाक्यात सांगितलं.

आम्ही चारपाच जण हौसेनं फोनसाठी मराठी कीबोर्ड बनवतो. सगळ्यांसाठी फुकट. वापरणाऱ्यांनी चुका कळवाव्यात म्हणून पहिल्याच पानावर मी मोठं लाल बटण ठेवलं: "तक्रार नोंदवा". भाभी शाळेत मराठी शिकवतात, रोज आमचा कीबोर्ड वापरतात, आणि त्यांची एकही तक्रार नाय. मी आपला खूश! आज सहज विचारलं, तर म्हणाल्या, "चुका लई हायेत भाऊ. वहीत लिहून ठेवल्यात."

"मग बटण का नाय दाबलं?"

"शेजाऱ्याची कुणी तक्रार करतं व्हय? त्यात तुम्ही इतकी मेहनत घेता."

घ्या! म्हणजे लोक रुसले नव्हते, संकोचत होते. आणि मी तिथं पोलीस चौकीची पाटी लावून बसलेलो, तीही लाल रंगात. चहा तसाच ठेवून बटण बदललं. हिरवं केलं, त्यावर लिहिलं, "चुक दिसली? सांगा ना." लगेच भाभींना लिंक पाठवली.

पाच मिनिटांत हिरव्या बटणातून पहिला निरोप आला: "भाऊ, 'चूक'मधला चू दीर्घ असतो."

एकटाच लई हसलो. बटण दुरुस्त केलं.

आणि ही चूक तर वहीतली नव्हेच. वही अजून उघडायचीय.