आईजींना ‘तू’ म्हणालीस तेव्हा

ताई, ए ताई,

मला पत्रबित्र जमत नाही, तुला माहीत आहे. पण आज आईचा फोन आला आणि माझं डोकं सटकलं. तुझ्या सासूबाई, तुझ्या त्या आईजी, सुदामा नगरात कुणाच्या तरी हळदीकुंकवाला म्हणाल्या म्हणे, “सून चांगली होती, पण शेवटी शेवटी तिची जबान फार बिघडली होती.” तुझी पिहू तिथेच शेजारी बसलेली! आईबद्दल हेच ऐकत मोठी होणार का ती?

तुझं दुखणं सुरू झालं तेव्हा मी महूला टायरच्या दुकानात कामाला होतो. दुकानदाराचा पोपट गिऱ्हाइकाला अस्सल इंदोरी शिव्या द्यायचा... असो, पोपट राहू दे. तू फोनवर म्हणायचीस, डोकं फार दुखतंय रे, संध्याकाळी अंग तापतं. सगळे म्हणाले, चष्मा बदल. मग पित्त झालं म्हणाले. उलट्या सुरू झाल्या तर जीजाजींच्या घरात खुशखबरीची कुजबुज. खुशखबर, भिया!

मग तो रविवार. जेवताना तू आईजींना म्हणालीस, “तू भाजी वाढ ना.”

तू! लग्न झाल्यापासून त्यांच्याशी ‘अहो आईजी, आपण’ याखाली न उतरलेली तू! त्या ताटावरून उठल्या. जीजाजींनी आईबाबांना आणि मला बोलावून घेतलं. बैठक बसली. तू सोफ्यावर, मान आखडलेली, उजेड सोसेना म्हणून डोळ्यांवर ओढणी. आणि चर्चा कसली? तर संस्कारांची. आई हळूच म्हणाली, “माफी माग बाई, विषय संपव.”

तू ओढणी बाजूला केलीस, आईकडे बघितलंस आणि विचारलंस, “या कोण?”

“घ्या, आता हे नवीन नाटक,” जीजाजी म्हणाले.

त्यांच्याशी भांडूनच तुला रिक्षात घातलं आम्ही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा काय विचारावं? वागणं कधीपासून बदललं? पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासायला पाठवलं. मेंदूवरच्या पडद्यांना टीबी झालाय असं वाटतं, म्हणाल्या. जीजाजी हटूनच बसले, “पण मॅडम, हिला खोकला कुठे आहे?” खोकला नसतानाही होतो, त्यांनी सांगितलं. जंतू रक्तातून वर जातात, पडदे सुजतात, डोक्यात पाणी तुंबतं. आधी स्वभाव बदलतो, मग शुद्ध जाते. रिपोर्टची वाट न बघता त्यांनी टीबीची औषधं आणि सूज उतरवायला स्टेरॉइड चालू केलं. औषध वर्षभर घ्यायचं, मध्ये सोडायचं नाही. लवकर आले तर बरे होतात लोक, म्हणाल्या.

लवकर! आपण तर आधी बैठक घेतली ना!

वर्षभराचं औषध, आणि तू पंधरवडाही थांबली नाहीस.

राग तुझाही येतो, ताई. मला कानाखाली द्यायला तुझा हात कधी अडला नाही, मग तिथे का सोसत बसलीस? ओरडायचंस, ताटं फेकायचीस. पण नाही, आमच्या ताईसाहेबांना आईजींना त्रास द्यायचा नव्हता! आणि माहितीय, माझं डोकं कशाने फुटतं? तू इतकी गोड होतीस, म्हणूनच तर कळायला हवं होतं. कायम उलट बोलणारी असतीस तर कुणाच्या लक्षात आलं नाही, हे एक वेळ समजलं असतं. जिच्या तोंडून कधी ‘तू’ निघालं नाही तिच्या तोंडून ते निघालं, तर माणसाने घाबरायचं की रागवायचं?

पिहूची टीबीची तपासणी मीच करून आणली. ठीक आहे ती, काळजी करू नकोस.

उद्या सुदामा नगरला जातोय. आईजींनी बसा म्हटलं नाही तरी बसणार आहे. सगळं त्यांच्या तोंडावर सांगणार, आवाज चढला तर चढला. आणि पिहूला कळायचं वय आलं की तिला मी सांगेन, शब्द देतो: तुझी आई उद्धट नव्हती गं. तिला डोक्याचा टीबी झाला होता, आणि आम्ही सगळे तिला माफी मागायला सांगत होतो.

तुझाच,
बंट्या